खरं बोलणारी गाणी आणि घरातले निरोप : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण १५ वर्षांच्या एका मुलीचं आहे. शाळेची समुपदेशक म्हणून ते माझ्याकडे आलं. ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत, एका मैत्रिणीबद्दलचा भाग तर मुळापासूनच. मुलीने आणि तिच्या आई-वडिलांनी हे लिहायला संमती दिली आहे. मुलीची एकच अट होती : "माझी गाणी वाईट होती असं लिहू नका." तसं लिहायची वेळही येणार नाही.

ती लहानपणापासून शांत म्हणून ओळखली जायची. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "ठीक आहे." तेराव्या वर्षाच्या आसपास तिला बिली आयलिश या अमेरिकी गायिकेची गाणी सापडली. त्यानंतर तिथलीच ऑलिव्हिया रॉड्रिगो, तिच्यामुळे ब्रिटिश गायिका लिली ॲलन, आणि तिथून मागे मागे जात थेट शिनेड ओ'कॉनर. हा प्रवास नीट बघितला तर त्यात एक सूत्र दिसतं. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात १९ वर्षांच्या रॉड्रिगोने मंचावरून त्या न्यायाधीशांची नावं घेतली. शेजारी लिली ॲलन होती. आमच्या या मुलीने तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल कोण जाणे. तिला सूर आवडत होतेच. पण तिचा जीव जडला होता तो या बायका तोंडावर बोलतात यावर.

वर्गात 'मला भावलेली व्यक्ती' असा विषय होता तेव्हा ती शिनेडवर बोलली. १९९२ च्या ३ ऑक्टोबरला, अमेरिकी टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात, या २५ वर्षांच्या आयरिश गायिकेने चर्चमधल्या मुलांच्या छळाकडे लक्ष वेधण्यासाठी पोपचा फोटो फाडला. दोन आठवड्यांच्या आत न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या मैफिलीत लोकांनी तिची हुर्यो उडवली. पुढे २००९ मध्ये आयर्लंडमध्येच सरकारी चौकशांचे अहवाल आले आणि ती कशाबद्दल ओरडत होती ते कागदावर उमटलं. मुलीने हे सगळं न अडखळता सांगितलं. वर्गशिक्षिका मला नंतर म्हणाल्या, "या मुलीला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं."

घरीही ती बोलू लागली होती. एका मावशीला तिने सगळ्यांसमोर सुनावलं, "तू दर वेळी कशी आहेस म्हणून विचारतेस, पण उत्तर ऐकायला थांबत नाहीस." आई ओशाळली, पण मनातून तिला ते थोडं आवडलंही. हे आईनेच नंतर कबूल केलं.

अडचण कुठे सुरू झाली

कपाट आवरताना आईच्या हाती मुलीची वही लागली. आईने ती वाचली. पानोपानी इंग्रजी आणि मराठी ओळी. बुडण्याच्या, उद्या जाग न येण्याच्या, 'मी नसले तर कुणाला कळेल' अशा. कुठली ओळ कुठल्या गाण्यातली आणि कुठली मुलीची स्वतःची, याची काहीच खूण नव्हती. अवतरणचिन्ह नाही, नाव नाही, तारीख नाही.

आईचे हातपाय गळाले. बाबांनी त्याच संध्याकाळी फोन काढून घेतला, हेडफोन उचलून ठेवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : "दिवसभर असलं ऐकायचं आणि मग असलं लिहायचं. कारण बंद केलं की परिणाम बंद." मुलीने आरडाओरडा केला नाही. ती पुन्हा "ठीक आहे" म्हणू लागली. आईला खरी भीती तेव्हा वाटली, आणि ती वही पिशवीत घालून माझ्याकडे आली.

पहिला निर्णय : वही उघडायची का

आईने वही टेबलावर ठेवली, काही पानांचे कोपरे दुमडलेले होते. "तुम्हीच वाचा मॅडम, आणि सांगा ही मुलगी जगेल ना."

यावर आमच्या कामात दोन मतं आहेत आणि दोन्हींना आधार आहे. जिवाचा प्रश्न असेल तर गोपनीयता मागे पडते, यात वाद नाही. त्या न्यायाने वही लगेच वाचायला हवी. पण त्या ओळी मुलीच्या आहेत की कुणा गायिकेच्या, हेच माहीत नसताना मी त्या वाचून नेमकं काय ठरवणार होते? आणि मुलगी त्याच इमारतीत, दोन मजले वर, वर्गात बसलेली होती. जिला विचारता येतं तिला विचारायचं सोडून तिची वही का वाचायची? मी वही न उघडता बाजूला ठेवली आणि मुलीला त्याच तासाला बोलावून घेतलं. ती गैरहजर असती किंवा बोलायला तयारच नसती, तर मी वही वाचली असती, हेही सांगून ठेवते.

तिला बसवल्यावर पहिल्यांदा नियम सांगितला : इथलं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला घरी सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगून करेन. मग वही दाखवली. "ही आईने आणली. मी वाचलेली नाही." तिचा चेहरा आधी लाल झाला, मग ती वहीच्या दुमडलेल्या कोपऱ्यांकडे बघत राहिली.

त्यानंतर प्रश्न सरळ विचारले. मरून जावंसं वाटतं का? स्वतःला कधी इजा केली आहेस का? कसं, कधी असं काही मनात ठरवलं आहेस का? असे प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत पालकांत आणि शिक्षकांतही घट्ट आहे. ती चुकीची आहे. उलट, कुणीतरी हा शब्द न घाबरता उच्चारला याचाच मुलांना बहुतेकदा आधार वाटतो. तिने उत्तरं दिली : इजा केलेली नाही, काही ठरवलेलं नाही. पण काही रात्री "हे सगळं नको" असं वाटतं. कुठल्या रात्री, असं विचारल्यावर ती गप्प झाली. ते उत्तर मिळायला वेळ लागला.

समोरचे पर्याय

आई-बाबांना एकत्र बोलावलं तेव्हा चार वाटा समोर होत्या.

बाबांची वाट बंदीची होती. त्यांना मी मूर्खात काढलं नाही, कारण ही भीती जुनी आहे आणि ती शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत आली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत काही राजकारण्यांच्या पत्नींनी गाण्यांच्या शब्दांविरुद्ध मोहीम उघडली. तिच्या पुढारी टिपर गोर यांना आपल्या ११ वर्षांच्या मुलीसाठी आणलेल्या अल्बममधले शब्द ऐकून धक्का बसला होता. प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं आणि पुढे अल्बमांवर पालकांसाठी सूचनेचा शिक्का आला. त्या सुनावणीतला एक प्रसंग मी बाबांना सांगितला. ट्विस्टेड सिस्टर या बँडच्या एका गाण्यात लैंगिक हिंसा आहे, असा आरोप होता. गायक डी स्नायडरने साक्षीत सांगितलं की ते गाणं शस्त्रक्रियेच्या भीतीबद्दल आहे; बँडमधल्या गिटारवादकाच्या घशाचं ऑपरेशन होणार होतं. ऐकणाऱ्याने आपल्या मनातलं त्या शब्दांत वाचलं होतं. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी विचारलं, "म्हणजे आम्हीही तेच केलं असं तुमचं म्हणणं?" मी म्हटलं, अजून माहीत नाही, तिला विचारूया.

गाणी निरुपद्रवीच असतात, असंही मी म्हणणार नाही. शब्दांचा परिणाम होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. अमेरिकी रॅपर लॉजिकने २०१७ मध्ये एक गाणं काढलं, त्याचं नावच तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांक होतं. गाण्यात मरू पाहणारा माणूस फोन करतो आणि शेवटी त्याला जगावंसं वाटतं. २०२१ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, त्या गाण्याकडे सर्वाधिक लक्ष गेलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ जास्त फोन आले, म्हणजे ६.९ टक्के वाढ. त्याच काळात १० ते १९ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी नोंदल्या गेल्या. विषय तोच, मरणाचा. फरक होता तो गाणं ऐकणाऱ्याला कुठे नेऊन सोडतं यात. म्हणून 'दुःखी गाणी ऐकते का' यापेक्षा मला एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ऐकून झाल्यावर कसं वाटतं? हलकं, की आणखी जड? एकच गाणं दार लावून फिरवून फिरवून ऐकणं आणि दर वेळी आणखी खोल जाणं, हे लक्षण मी गंभीरपणे घेते. या मुलीचं उत्तर होतं, "हलकं. म्हणजे कुणीतरी आधीच बोलून टाकलंय, आता मला नाही बोललं तरी चालेल." या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी मी बराच वेळ अडून राहिले.

दुसरी वाट आजीची होती, आईने सांगितली : "वय आहे, जाईल." ही मी लगेच बाजूला केली. "हे सगळं नको" असं एकदा ऐकल्यावर वयावर सोडून देता येत नाही.

तिसरी वाट तज्ज्ञांकडे पाठवण्याची. ती घेतलीच. माझ्या एका बैठकीवर विसंबून राहणं मला मान्य नव्हतं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांनी तपासलं, तातडीचा धोका नाही, झोप आणि घरातला ताण यांकडे लक्ष द्या, पुन्हा भेटा, असं त्यांनी सांगितलं.

चौथी वाट मुलीच्या गाण्यांनाच सोबत घेऊन चालण्याची.

काय केलं

सुरुवात वहीपासून केली. मुलीच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुझ्या ओळींवर बरोबरची खूण कर, गाण्यातल्या ओळींना गोल कर. मला दाखवायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या भेटीत तिने आपणहून वही उघडली. गोलच गोल होते. आईने कोपरे दुमडलेल्या पानांवरच्या जवळपास सगळ्या भयानक ओळी कुणा ना कुणा गायिकेच्या निघाल्या. तिच्या स्वतःच्या ओळी थोड्या होत्या आणि दिसायला अगदी साध्या. त्यातली एक अशी :

'बाबांना सांग, आईला सांग. मी सांगते, सांगते, सांगते.'

हे पान आईने दुमडलेलं नव्हतं. त्यात घाबरण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

मग ते गप्प राहिलेलं उत्तर आलं. गेलं वर्षभर आई-बाबा एकमेकांशी जवळजवळ बोलत नव्हते. भांडण नाही, आवाज नाही. लागेल ते सगळं मुलीमार्फत. "बाबांना सांग, उद्या मला उशीर होईल." "आईला विचार, बिल भरलं का." कधी निरोपात टोमणा असायचा, तो पोहोचवायचा की गाळायचा हे तिनेच ठरवायचं. ज्या दिवशी निरोप जास्त, त्या रात्री "हे सगळं नको".

इथे माझं या प्रकरणाबद्दलचं मुख्य मत सांगते. आई-बाबा आणि मुलगी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे होते, पण सगळ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती : गाण्यातली 'मी' म्हणजे गाणारी बाई, जशीच्या तशी. आई-बाबांनी त्या 'मी'ला रुग्ण समजून वही वाचली. मुलीला तीच 'मी' खरेपणाचा पुरावा वाटत होती, म्हणून स्वतःची साधी ओळ तिला खोटी, पुचाट वाटायची आणि उसनी काळोखी ओळ खरी. परिणाम असा, की घरातली खरी गोष्ट सांगणारी ओळ कुणाच्याच नजरेत भरली नाही, तिच्या स्वतःच्यासुद्धा.

म्हणून पुढच्या काही बैठका आम्ही गाणी ऐकली. आई एका बैठकीला आली. तिच्यासाठी नियम होता : प्रश्न विचारायचे, मत द्यायचं नाही. तो तिने दोनदाच मोडला. गाणं निवडायचं मुलीने, आणि सांगायचं की यातली कुठली ओळ खरी आहे आणि ते तुला कशावरून कळलं.

बिली आयलिशवर आमचं खटकलं. २०२० च्या जानेवारीत, १८ व्या वर्षी, एकाच रात्री चारही मुख्य ग्रॅमी जिंकणारी ही मुलगी स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलली आहे. तिला टुरेट सिंड्रोम, म्हणजे नकळत झटके किंवा आवाज होण्याचा मज्जाविकार आहे, तेही तिने लपवलेलं नाही. ते खरंच आहे. पण तिची गाणी तिने भाऊ फिनीयससोबत मिळून लिहिली आहेत, घरातल्या छोट्या खोलीत, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून. एक गाणं तर पलंगाखालच्या राक्षसाच्या तोंडी आहे. मी हे सांगितल्यावर मुलीने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"म्हणजे ते खोटं आहे असं तुम्हाला म्हणायचंय."

"तुला काय वाटतं?"

"खोटं नाहीये."

"मग दोघांनी मिळून एकाच मुलीचं दुःख कसं लिहिलं?"

त्या दिवशी ती रागावून गेली. पुढच्या वेळी आली ती वहीत स्वतःचीच एक ओळ सात-आठ प्रकारे लिहून. "खोटं नसतं," ती म्हणाली, "पण सगळं पण नसतं. काय सांगायचं ते आधी ठरवावं लागतं." मी तिला एवढंच विचारलं की त्या सात-आठांपैकी कुठली ठेवणार. ती म्हणाली, सगळ्यात छोटी.

बाबांकडून फोन परत मिळवायला मात्र गाण्यांचा काही उपयोग झाला नाही. तिथे मानसशास्त्रज्ञांची चिठ्ठी लागली. रात्री ठरलेल्या वेळेनंतर फोन बाहेरच्या खोलीत, आणि वहीला कुणी हात लावायचा नाही, एवढ्यावर तह झाला.

मधलं वळण : मैत्रिणीची गोष्ट

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना ती एक नवं गाणं घेऊन आली. शाळेच्या कार्यक्रमात गायचं होतं. चाल चांगली, ध्रुवपद मनात रेंगाळणारं. विषय होता तिच्या जवळच्या मैत्रिणीच्या वडिलांचं दारू पिणं. नाव नव्हतं, पण घरातली एक खूण अशी होती की वर्गातल्या कुणालाही एका क्षणात कळलं असतं.

"खरं आहे ना सगळं," ती म्हणाली. "लिली ॲलनने तर सख्ख्या भावावर गाणं केलं, त्याचंच नाव देऊन."

उदाहरण बिनतोड होतं. ते गाणं २००६ च्या अल्बममध्ये आहे आणि ते खरोखरच धाकट्या भावावर, त्याच्या नावानिशी आहे. मी दुसरं उदाहरण पुढे केलं. अमेरिकी गायिका कार्ली सायमनने १९७२ मध्ये एका आत्ममग्न पुरुषावर गाणं लिहिलं. तो कोण, हे लोक पुढची चार दशकं विचारत राहिले. शेवटी २०१५ मध्ये तिने एवढंच सांगितलं की दुसरं कडवं अभिनेता वॉरन बेटीबद्दल आहे. नाव नसल्याने गाण्याचं काही बिघडलं नाही. मुलीचं उत्तर तयार होतं : "पण तो तिचाच बॉयफ्रेंड होता ना. तिची गोष्ट होती." आणि बोलता बोलता तीच थांबली.

इथे तीन गोष्टी करता आल्या असत्या. मी शाळेला सांगून गाणं थांबवू शकत होते. ते सोपं होतं, आणि तिच्या मनातल्या यादीत मीही फोन काढून घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले असते. खूण काढून गाणं ठेवता आलं असतं. पण मैत्रिणीला तरीही कळलंच असतं. तिसरी गोष्ट, मैत्रिणीला विचारायचं. मुलीने तिसरी निवडली, आणि एकटीने विचारायचं ठरवलं.

मैत्रीण नाही म्हणाली. एवढंच नाही, तर हा प्रश्न आलाच कसा, याचंच तिला वाईट वाटलं. "मी तुला सांगितलं होतं, तुझ्या वहीला नाही," असं ती म्हणाली. गाणं मागे घेतलं गेलं, पण त्या दोघींमधला मोकळेपणा गेला तो गेलाच. त्या मैत्रिणीशी मी वेगळं बोलले. तिला तिच्या घरच्या परिस्थितीसाठी मदत हवी आहे का, हे विचारणं माझं कामच होतं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मंच की खोली

यानंतर मुलीने स्वतःचीच ओळ घेतली. 'मी सांगते, सांगते, सांगते' हे ध्रुवपद झालं. तीन कडवी, तिन्ही निरोपांची. आणि हे तिला थेट कार्यक्रमात, आई-बाबा प्रेक्षकांत बसलेले असताना, त्यांना आधी न सांगता गायचं होतं. शिनेडने विचारून फोटो फाडला होता का?

हा मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय वाटतो. मी तिला म्हटलं, शिनेड एका बलाढ्य संस्थेविरुद्ध उभी होती, आणि किंमत आपणच मोजू हे तिला कळत होतं. इथे समोर खुर्चीत अडकलेली दोन माणसं असतील, उठून जाताही येणार नाही अशी. मुलगी म्हणाली, "माझ्यापेक्षा ते दोघं बलाढ्यच आहेत. मी तरी कुठे उठून जाऊ शकते?"

तिचं बरोबर होतं आणि मी तसं म्हणाले. १५ वर्षांच्या मुलीसाठी घर ही संस्थाच असते. तरीही मंचावरून ऐकवलं तर आई-बाबांना आधी लाज आठवेल आणि शब्द नंतर, अशी माझी अटकळ होती. ती मी तिला लपवून न ठेवता सांगितली. ठरलं ते असं : आधी माझ्या खोलीत त्या दोघांना ऐकवायचं, आणि मग कार्यक्रमात गायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. आई-बाबांना नकाराचा अधिकार नाही. हे शेवटचं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

तिने गिटार न घेता, नुसतं म्हणून दाखवलं. दुसऱ्या कडव्यात बाबांचा एक टोमणा होता जो तिने कधी पोहोचवलाच नव्हता, आणि तो आईने त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला. संपल्यावर बाबांनी आधी विचारलं, "हे शाळेत म्हणणार?" मुलीने मान डोलावली. मग ते आईकडे वळले. "तुला माहीत होतं, हिला एवढं लागतंय ते?"

आई म्हणाली, "नाही. तुम्हाला?"

मी काहीच बोलले नाही. त्या दोघांमध्ये निरोप्याशिवाय झालेला संवाद मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मुलगीही, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

परिणाम

कार्यक्रमात ती गायली. आदल्या दिवशी तिने तिसऱ्या कडव्यातली आजीबद्दलची ओळ स्वतःहून काढली, कारण विचारलं तर म्हणाली, "ती आजीची गोष्ट आहे." टाळ्या बेताच्या पडल्या. बऱ्याच जणांना ते विनोदी गाणं वाटलं, आणि तिला त्याचा रागही आला नाही.

घरी निरोप पूर्ण थांबले नाहीत. बाबा आता आईला फोनवर मेसेज करतात, शेजारच्या खोलीतून. मुलगी याची टिंगल करते. आई-बाबा जोडप्यांच्या समुपदेशनाला थोडे दिवस गेले, मग बंद केलं. ते नातं कुठे जाईल हे मी सांगू शकत नाही. पण मधला टपाल्या नोकरी सोडून गेला, हे नक्की. मुलीची झोप सुधारली. मानसशास्त्रज्ञांच्या पुढच्या दोन भेटींत "हे सगळं नको"चा उल्लेख आला नाही, तरी वर्षअखेरपर्यंत पाठपुरावा चालू ठेवला.

तिची गाण्यांची यादी फारशी बदलली नाही. बदल झाला तो आईत. तिला त्यातली दोन गाणी आवडू लागली, आणि मुलीला हे अजिबात पसंत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बाबा प्रक्रियेत उशिरा आले. गाणी ऐकण्याच्या बैठकीला फक्त आईला बोलावलं, कारण ती तयार होती. पण त्यामुळे काही काळ बाबांना आईकडून आणि आईला माझ्याकडून कळत राहिलं, म्हणजे ज्या सवयीवर काम करायचं तीच सवय माझ्या खोलीत चालू राहिली. अशा घरात दोघांना पहिल्यापासून एकत्र बसवावं, एक जण नाखूष असला तरी.

वही मुलीच्या हातात आईने परत द्यायला हवी होती, माझ्या हातून नव्हे. आईने नंतर माफी मागितली, पण वस्तू परत करणं आणि माफी मागणं एकाच वेळी झालं असतं तर बरं.

वर्गशिक्षिकांना शिनेडवरच्या भाषणाच्या वेळी काहीतरी जाणवलं होतं. वर्षभर "ठीक आहे" म्हणणारी मुलगी अचानक अत्याचार आणि गप्प बसवणं यावर इतकं पोटतिडकीने बोलते, तर तिला "छान बोललीस" याच्या पुढे एक प्रश्न विचारता येतो : यातलं तुला सगळ्यात जवळचं काय वाटलं? हे आता शाळेत शिक्षकांच्या बैठकीत आम्ही सांगतो. एवढ्या प्रश्नाने सगळं उघड झालंच असतं असं नाही.

मैत्रिणीबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. मुलीने एकटीने विचारायचं ठरवलं तेव्हा मी अडवलं नाही, कारण निर्णय तिचा होता. दुसरा मार्ग असा होता, की 'विचारायचंच नाही, गाणंच सोडून द्यायचं' यावर तिच्याशी आणखी एक बैठक घालवायची. तसं झालं असतं तर मैत्री कदाचित टिकली असती. पण मग 'ती आजीची गोष्ट आहे' म्हणून ओळ खोडायचं तिला आपणहून सुचलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गेल्या महिन्यात त्या दोघी मधल्या सुट्टीत पुन्हा एका बाकावर दिसल्या, एकच हेडफोन वाटून घेतलेल्या. काय ऐकत होत्या, ते मी विचारलं नाही.